आईवडील वेगळे होतात तेव्हा मुलाच्या पोटात का दुखतं

पालकसभेची चिठ्ठी आम्ही मुलांच्या हातीच घरी पाठवतो. काही वर्षांपूर्वी तिसरीतली एक मुलगी माझ्या टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मला दोन द्या की." मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हटलं, "दोन कशाला गं? एक हरवायला?" वर्ग हसला. ती एकच चिठ्ठी घेऊन जागेवर जाऊन बसली.

आठवड्याने तिची आज्जी भेटली तेव्हा उलगडा झाला. आई खानापुरात माहेरी, वडील बेळगावात, शनिवार-रविवार पोर वडिलांकडे. एकच चिठ्ठी आईला दाखवायची की वडिलांना, हे त्या आठ वर्षांच्या मुलीला एकटीने ठरवायचं होतं. त्यातून सुटायची साधी वाट तिने शोधली होती, आणि मी तिचं हसं केलं.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. मराठी शाळेतली मास्तरीण आहे. पण त्या चिठ्ठीनंतर या विषयावर मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं, वर्गात डोळे उघडे ठेवून बघितलं. जे समजलं ते सांगते.

काडी मोडते एका क्षणात, पण...

घटस्फोटाला आपल्याकडे जुना शब्द आहे काडीमोड. गवताची काडी मोडली, दोन तुकडे झाले, विषय मिटला. मोठ्यांना ते तसं वाटत असेल. मुलाचं प्रकरण मात्र कोर्टाच्या कागदाच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. हिंदू विवाह कायद्यात दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचा तरी आधी वर्षभर वेगळं राहण्याची अट आहे. अर्जानंतर आणखी सहा महिने थांबायचं असतं. (हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.) एकाला हवा आणि दुसऱ्याला नको असेल, तर तारखांवर तारखा. म्हणजे हुकूमनामा हातात पडतो तोवर पहिलीतलं पोर तिसरी-चौथीत गेलेलं असतं.

आमच्या भागात पुष्कळ घरांत तर गोष्ट कोर्टापर्यंत जातच नाही. आई "चार दिवस" म्हणून माहेरी येते. चार दिवसांचे चार महिने होतात, मग मुलाचं नाव इकडच्या शाळेत घातलं जातं. कुणी त्याला बसवून काही सांगत नाही. "बाबा गोव्याला कामाला गेलेत," एवढंच. पोराला ते खोटं आहे हे कळतं. आपण खोटं ओळखलंय हे दाखवायचं नाही, हेही कळतं. हे दुसरं जास्त जड असतं.

माणूस वारला तर मुलाने काय करायचं ते आपल्याकडे ठरलेलं आहे. सुतक असतं, भावकी जमते, तेराव्याला जेवण होतं, शाळेतले सर येऊन पाठीवर हात ठेवून जातात. वडील घरातून उठून गेले तर यातलं काहीच होत नाही. उलट "बाहेर कुठं बोलू नको" अशी ताकीद मिळते. अमेरिकेतल्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांचा अभ्यास केला. माणूस जिवंत आहे की नाही हे माहीत नाही, त्यामुळे रडताही येत नाही आणि पुढेही जाता येत नाही, असं त्यांना दिसलं. आपण त्याला अधांतरी दुःख म्हणू. पुढे त्यांनी घटस्फोटासारख्या प्रसंगांनाही हाच विचार लावला. बेळगाव हे पलटणीचं गाव. वाट बघणं म्हणजे काय हे इथल्या घरांना वेगळं सांगायला नको. ज्या मुलाचे वडील दोन स्टॉप पलीकडे राहतात आणि तरीही घरात नाहीत, त्याची वाट बघणं त्याच जातीचं.

सायकल मागितली म्हणून

वयाप्रमाणे हे दुःख रूप बदलतं. तीन-चार वर्षांच्या मुलाचा हिशेब अगदी साधा असतो: एक जण गेला, म्हणजे दुसराही जाऊ शकतो. मग ते आईचा पदर सोडत नाही, ती मोरीत गेली तरी दाराबाहेर रडत बसतं. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. नीट बोलणारं पोर बोबडं बोलायला लागतं. हे लाडाने किंवा हट्टाने होत नाही. भीती वाटली की मूल आपल्या आधीच्या, सुरक्षित वयात माघारी जातं. रागवून ते पुढे येत नाही.

पाच ते आठ या वयाबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण घरच्यांच्या नजरेतून सगळ्यात जास्त सुटतं ते इथेच. स्वित्झर्लंडचे अभ्यासक जाँ पियाजे यांनी दाखवून दिलं, की लहान मूल जगाकडे स्वतःच्याच जागेवरून बघतं. आपण चालतो म्हणून चंद्रही आपल्याबरोबर चालतो, असं त्याला खरोखर वाटतं. मग घर मोडलं ते कुणामुळे? आपल्यामुळेच. दुसरीतल्या एका मुलाने मला सांगितलं होतं, "मी सायकल मागितली, म्हणून ते भांडले." त्याने सायकल मागितली, बाप पैशावरून आईला बोलला, आई उलट बोलली, आणि पुढच्या आठवड्यात बाप गेला. साखळी त्याच्या दृष्टीने पक्की होती. हे त्याने दोन वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. मला फक्त इतकंच दिसत होतं, की हा मुलगा काही मागत नाही. सहलीचे पैसे आणले नाहीत तर "मला यायचंच नाही" म्हणतो. रंग संपले तरी सांगत नाही.

"तुझी काही चूक नाही" हे वाक्य एकदा सांगून भागत नाही. कधी जेवताना, कधी वेणी घालताना, कधी झोपायच्या आधी, तेच पुन्हा सांगावं लागतं. त्यातही नुसतं "तुझी चूक नाही" म्हणण्यापेक्षा गोष्ट नाव घेऊन सांगितलेली बरी: "तू सायकल मागितलीस म्हणून नाही हं. आमचं मोठ्यांचं भांडण तू जन्मायच्या आधीपासून होतं."

याच वयात दुसरी एक गोष्ट चालते, ती म्हणजे जोडायची खटपट. गणपतीत दोघं आरतीला शेजारी उभे राहतील, मग सगळं नीट होईल, अशी आशा. कुणी देवाला नवस बोलतं. कुणाच्या लक्षात येतं, की ताप आला की दोघंही दवाखान्यात येतात. मग ताप वरचेवर येऊ लागतो. थर्मामीटरमध्ये दिसणारा ताप असेल, नसेल, पण पोटदुखी खरी असते. त्याला "सोंग" म्हणायच्या आधी हे लक्षात घ्यावं: काळजी वाटली की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं आणि पचनाचं काम मागे टाकतं. परीक्षेच्या दिवशी मोठ्यांच्याही पोटात कालवतं ते यामुळेच. मुलाकडे "मला दुःख झालंय" हे शब्द नसतात, पोट असतं. सोमवारी सकाळी दुखणारं, सुट्टीत न दुखणारं पोट बरंच काही सांगत असतं.

आपल्याकडे अशा वेळी दृष्ट काढतात, मीठ-मिरच्या ओवाळतात, अंगारा लावतात. त्यावर मी कधी हसत नाही. लेकराला कुणीतरी जवळ घेऊन बसलं, तेवढं तरी झालं. फक्त एकदा डॉक्टरांनाही दाखवावं. आणि "बाहेरचं आहे" म्हणून मुलाला दर अमावस्येला देवऋष्याकडे ओढून नेऊ नये. आपल्यात काहीतरी वाईट शिरलंय असं त्याला वाटायला लागतं, आणि अपराधी भावना आधीच भरपूर असते.

नऊ ते बारा या वयात राग येतो. कोण चूक, कोण बरोबर, याचा निवाडा मुलं करायला लागतात आणि एकाची बाजू घट्ट धरतात. बहुतेक वेळा ज्याची दया येते त्याची. काल वडिलांच्या गाडीवर पुढे बसणारा मुलगा आज त्यांचा फोन घेत नाही. हा राग बघून आईला आतून समाधान वाटू शकतं. तिथेच सावध व्हायला हवं.

केवढा समजूतदार!

बारा-तेराच्या पुढची दोन प्रकारची मुलं मी बघितली. एक बिघडणारी: शाळा बुडवणारी, उलट बोलणारी, रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर असणारी. यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. दुसरी एकाएकी मोठी होणारी. आठवीतला मुलगा वकिलांना फोन करतो, धाकटीचा डबा भरतो, आईचा डोळा लागेपर्यंत जागा राहतो. गल्लीतल्या बायका म्हणतात, "केवढा समजूतदार हो!" मला मात्र या मुलांची काळजी जास्त वाटते. आईने आपलं रडणं त्याच्यापुढे मोकळं केलं, की तो तिचा मुलगा राहत नाही, तिचा बाप होतो. मग स्वतः कुणापुढे रडणार? घरकामात मदत करणं वेगळं, ते चांगलंच. मोठ्यांचं मन सांभाळायची जबाबदारी मुलावर पडू नये. आईला बोलायला माणूस हवंच. ते बहीण असो, मैत्रीण असो, समुपदेशक असो.

घटस्फोटाने आयुष्य बरबाद होतं का

हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात, बहुधा रडत. माहेरची वडीलधारी मंडळीही "पोरांसाठी तरी नांद" म्हणतात ती याच भीतीने. अभ्यासकांतही यावर वाद झालेला आहे. ज्युडिथ वॉलरस्टाइन यांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातल्या ६० घरांतल्या १३१ मुलांचा पाठपुरावा केला, थेट पंचवीस वर्षं. घटस्फोटाची जखम मोठेपणीही, स्वतःचं लग्न करायची वेळ आली की उघडते, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्या अभ्यासात घरं थोडी होती आणि तुलनेला दुसरा गट धड नव्हता, असे आक्षेप आले. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १४०० कुटुंबं अभ्यासली. त्यांना दिसलं, की घटस्फोटित घरांतल्या शंभरातल्या साधारण २५ मुलांना पुढे गंभीर मानसिक किंवा सामाजिक अडचणी आल्या. न मोडलेल्या घरांत हे प्रमाण १० च्या आसपास होतं. म्हणजे धोका दुपटीहून जास्त, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याच आकड्यांत हेही आहे, की शंभरातली ७५ मुलं सावरली.

मग २५ कोणती आणि ७५ कोणती, हे कशावर ठरतं? १९९१ मध्ये पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी तोवर झालेले ९२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात दिसलं, की सतत कडाक्याची भांडणं चालणाऱ्या, पण न मोडलेल्या घरांतल्या मुलांची अवस्था घटस्फोट झालेल्या घरांतल्या मुलांपेक्षाही वाईट होती. मुलाला सगळ्यात जास्त झिजवते ती भांडणाची धग. वेगळं झाल्यावर ती विझली तर मूल सावरतं. वेगळं होऊनही ती फोनवर, कोर्टात, पोराच्या दप्तरातून चालू राहिली, तर काडी मोडूनही काही उपयोग झाला नाही. हे सगळे अभ्यास अमेरिकेसारख्या देशांतले आहेत. आपल्याकडे घरात आज्जी-आजोबा, मामा, आत्या असतात. त्यांनी हा धोका कमीही होतो आणि वाढतोही, ते कसे वागतात त्यावर.

तू कुणाचा रे?

लहान मुलाला मांडीवर घेऊन "तू कुणाचा? आईचा का बाबांचा?" असं विचारायची आपल्याकडे रीत आहे. सुखाच्या घरात ती गंमत असते. मोडलेल्या घरातल्या मुलाला तोच प्रश्न कोर्टातल्या उलटतपासणीसारखा लागतो. लग्नकार्यात, जत्रेत, कट्ट्यावर सगळीकडे कुणी ना कुणी विचारतंच. पोर ज्याच्या घरात आहे त्याला आवडेल ते उत्तर देतं. त्याला हे खोटं पचवता येतं असं समजू नका.

मुलाला निरोप्या करणं हा याचाच दुसरा प्रकार. "तुझ्या बापाला सांग, फीचे पैसे दे म्हणावं." मूल दारात उभं राहून हे वाक्य मनात घोळवतं, चढ्या सुराचा भाग गाळतं, "बाबा, फी भरायची आहे" एवढंच म्हणतं. तिकडून उत्तर येतं, "तुझ्या आईला म्हणावं, ती कमावते ना?" परत येताना तो तेही गाळतो. दहा वर्षांचा मुलगा मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंचा राग गाळणीतून काढत असतो, आणि गाळणीत राहिलेलं सगळं त्याच्याकडेच राहतं. पैशाचं बोलणं मोठ्यांनी मोठ्यांशी करावं. तोंड बघवत नसेल तर मेसेज करावा, तेही जमत नसेल तर वकिलामार्फत. वडिलांकडून आलेल्या मुलाला "तिथं कोण कोण होतं? काय जेवलास? नवीन टीव्ही घेतलाय काय?" असं खोदून विचारणंही थांबवावं. त्याला आल्याआल्या पाणी द्यावं, खेळायला जाऊ द्यावं. सांगायचं असेल ते तो स्वतः सांगेल, बहुधा रात्री दिवा मालवल्यावर.

आणि एक वाक्य. "अगदी तुझ्या बापावर गेलास." आया हे रागात म्हणतात, मनातून नाही. पण ज्या बापाला घरातले सगळे नालायक म्हणतात त्याच्यावरच मूल गेलं असेल, तर मूल कोण झालं? त्याचं नाक बापाचं, चालणं बापाचं, हसणं बापाचं. बापाला दिलेली शिवी त्याला अर्धी लागतेच. हेच वडिलांकडच्या आत्यांनाही लागू, ज्या पोरीची वेणी घालताना तिच्या आईचा उद्धार करतात. नवरा-बायकोचं नातं कोर्टात संपतं. आईपण आणि बापपण संपवायचा अधिकार कुठल्याच कोर्टाला नसतो... इथे नियमाला एक अपवाद सांगायलाच हवा: घरात मारहाण असेल, दारू पिऊन पोराच्या अंगावर धावून जाणं असेल, तर "बाप आहे, भेटू दे" म्हणून मुलाला तिथे ढकलायचं नाही. तिथे आधी सुरक्षितता, बाकी नंतर.

कन्नडातली नोटीस

आता आमच्या सीमाभागाचं थोडं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची रचना झाली, पण सोयरिकी काही त्या रेषेने अडल्या नाहीत. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरच्या मुली बेळगाव, खानापूर, निपाणीत येतात, इथल्या तिकडे जातात. संसार नीट चालला तर मधल्या रेषेची आठवण फक्त कोगनोळी नाक्यावर होते. मोडला की ती रेषा पोराच्या अंगावरून जाते.

पहिली गोष्ट कागदाची. इकडच्या कोर्टाची नोटीस कन्नडात किंवा इंग्रजीत येते. चंदगडकडून आलेल्या सुनेला कन्नड वाचता येत नाही, आज्जीला तर नाहीच. घरात कन्नड वाचतं कोण? शाळेत कन्नड विषय असलेलं पोर. एका सहावीतल्या मुलीने मला सांगितलं, की वडिलांनी आईवर काय काय आरोप केलेत ते तिनेच आईला वाचून दाखवलं, आणि दोन शब्द अडले म्हणून मोबाईलवर शोधले. ते शब्द कोणते होते ते मी इथे लिहीत नाही. कुठल्याच मुलाला आपल्या आईबद्दल ते कळायला नकोत. नोटीस वाचून घ्यायला वकील आहेत, गल्लीत एखादा नोकरदार असतो, शाळेतले कन्नडचे शिक्षक असतात. कुणीही चालेल, घरचं पोर सोडून.

दुसरी गोष्ट कोर्टाच्या गावाची. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको स्वतः राहते तिथल्या कोर्टातही घटस्फोटाचा अर्ज करू शकते. त्यामुळे तिचा दावा कोल्हापूर जिल्ह्यात आणि नवऱ्याचा बेळगावात, असं होऊ शकतं. असा दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचा तर सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. मुलाच्या ताब्याचा अर्ज पालक आणि पाल्य कायद्याखाली करायचा झाला, तर मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात. कधी कधी याच कारणाने पोराला रातोरात रेषेपलीकडे नेलं जातं. मोठ्यांच्या दृष्टीने तो डाव असतो. मुलाच्या दृष्टीने एका रात्रीत शाळा, मैत्रीण, मांजर, सगळं गेलेलं असतं.

ताब्याबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून चार ओळी. हिंदूंसाठीच्या १९५६ च्या पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. (मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना त्यांचे वेगळे कायदे लागू होतात.) त्यापुढे "मुलगा बापाचा, मुलगी आईची" असा नियम कुठेही नाही, कोर्ट बघतं ते मुलाचं हित. समज असलेल्या मुलाची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं, आणि न्यायाधीश बऱ्याचदा आपल्या दालनात बोलावून मुलाशी बोलतात. त्याआधी घरात मुलाकडून उत्तरं पाठ करून घेतली जातात. अहो, न्यायाधीशांना पाठ केलेलं लगेच कळतं, आमच्यासारख्या मास्तरणीलाही कळतं. मुलाला एवढंच सांगावं: "विचारतील ते खरं सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. निवाडा तू करायचा नाहीयेस, तो साहेबांचा."

तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण पोरांना हीच जास्त लागते: सुट्ट्या जुळत नाहीत. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. इकडे उन्हाळी सुट्टी लवकर लागते आणि लवकर संपते, तिकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडते. बेळगावातलं मूल दिवाळीच्या मोठ्या सुट्टीत वडिलांकडे जाईल असं कागदावर लिहिलं, आणि दिवाळीत त्याला मिळाले मोजकेच दिवस. मग पुन्हा भांडण. भेटीचं वेळापत्रक ठरवताना दोन्हीकडच्या शाळांच्या सुट्ट्या समोर ठेवून बसा. शाळाच बदलणार असेल तर मुलाच्या पायाखालून आणखी एक फळी जाते: इकडे पाठ केलेलं कन्नड तिकडे उपयोगी पडत नाही, पुस्तकं वेगळी, आणि बोलणंही चिडवलं जातं. "करूलालास, जाऊलालास" म्हणणाऱ्या पोराला कोल्हापुरात हसतात. जमत असेल तर चालू वर्ष पुरं होईपर्यंत शाळा हलवू नये.

सांगायचं कसं

शक्य असेल तर दोघांनी मिळून, घर सोडायच्या आधी, सुट्टीच्या दिवशी सकाळी सांगावं. परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा सणाच्या दिवशी नको. तो सण मग आयुष्यभर तसाच आठवतो. कारणांचा पाढा वाचू नये. "आम्ही दोघं एका घरात राहिलो की फार भांडणं होतात. म्हणून आम्ही वेगळ्या घरांत राहणार आहोत. तुझे आई-बाबा आम्ही दोघंही राहणार." एवढं पुरे. मग मूल जे प्रश्न विचारतं ते ऐकून मोठ्यांना धक्का बसतो, कारण ते प्रेमाबद्दल नसतात. मी झोपणार कुठे? शाळेच्या रिक्षाचं काय? माझा वाढदिवस कुणाच्या घरी? कुत्र्याला कोण नेणार? मूल निर्दय नाही. त्याला आपल्या पायाखाली जमीन आहे का ते बघायचं असतं. या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा आणि दिलेला शब्द पाळा. रविवारी येतो म्हणून न आलेला बाप मुलाच्या मनात जेवढं मोडतो, तेवढं घटस्फोटाने मोडत नाही. येणं होणार नसेल तर फोन करून, स्वतः, मुलाला सांगावं.

शाळेला सांगावं की नाही, असं विचारतात. सांगावं, पण एकाच शिक्षकाला, आणि मुलाला माहीत असू द्यावं. आम्हा शिक्षकांनीही "माझे बाबा" या विषयावर निबंध देताना जरा विचार करावा. मी आता "माझ्या घरातलं माणूस" असा देते. त्यावर एकाने म्हशीवर लिहून आणलं, तेही चांगलं होतं.

मदत कधी मागायची? झोप, जेवण, अभ्यास यांतलं काही महिना-दोन महिने बिघडलेलंच राहिलं, मूल कुणाशीच बोलेनासं झालं, स्वतःला इजा करू लागलं, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं म्हणालं, तर वाट बघू नये. शेवटचं वाक्य तर एकदा ऐकलं तरी पुरे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, भाषा निवडता येते. मुलाला स्वतःला धोका वाटत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. हा आकडा पोराला पाठ असावा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि धारवाडला डिमहान्स ही याच कामाची सरकारी संस्था आहे. गाडीने दीड-दोन तास. "वेड्यांचा दवाखाना" म्हणून तिथे न जाणारे मी पाहिले आहेत. तीच माणसं पोराच्या पोटदुखीसाठी चार वेळा सोनोग्राफी करून बसली होती.

हेदरिंग्टन यांच्या निरीक्षणानुसार पहिलं एक-दीड वर्ष सगळ्यात खडतर असतं, आणि बहुतेक घरं दोन-तीन वर्षांत नव्या घडीला लागतात. मूल सावरतंय हे ओळखायची माझी स्वतःची एक खूण आहे, ती कुठल्या पुस्तकात सापडली नाही. फार शहाणं झालेलं मूल पुन्हा जरा वांड होतं. दोन्ही घरांत हट्ट करतं, डबा आवडला नाही म्हणून सांगतं, सहलीचे पैसे मागतं.

ती चिठ्ठीवाली मुलगी चौथीत गेली तेव्हा मी न विचारता तिच्या हातात दोन चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. पाचवीतल्या पालकसभेला मात्र तिचं कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी दप्तर उघडायला लावलं, तर दोन्ही चिठ्ठ्या तळाला चिंचेच्या बोटुकांबरोबर चुरगळून पडलेल्या. "विसरले बाई," म्हणाली आणि हसली. मी तिला सगळ्या वर्गादेखत चांगलं फैलावर घेतलं.